पंचफुला डोंगर पाहायला गेली

राळेगावहून आत जाणारा रस्ता कापसाच्या आणि तुरीच्या वावरांमधून जिथं जाऊन संपतो, तिथं पंचफुलाबाईचं गाव. साठी कधीच मागं पडली होती, पण पायांना ते ठाऊक नव्हतं. तिच्याबरोबर वावरात निघालेल्या बायांना मधूनमधून पळावं लागे.

तिनं जन्मात प्रवास केला नाही असं नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायची, ती कधी चुकली नाही. लग्नाला जायची, मौतीला जायची, सेवाग्रामच्या दवाखान्यात तर सासूला घेऊन महिनाभर राहिली होती. पण जिथं जायची तिथं काहीतरी काम असायचं. काम संपलं की एसटी पकडून घरी. नुसतं पाहायला म्हणून कुठं जायचं असतं, हे तिला ऐकून माहीत होतं, तेवढंच.

म्हणून डिसेंबरात लेक उर्वशी सुटीवर आली आणि "आई, आता माह्यासंगं चाल, चार दिवस राह्य, डोंगर पाह्य," असं म्हणाली, तेव्हा पंचफुलानं सुपातली तूर पाखडणं थांबवलं नाही.

"डोंगरात माहं काय काम हाये?"

"काही काम नाही. नुसतं पाहाचं."

"पाहून काय कराचं?"

उर्वशी हसली आणि सुपातले खडे वेचू लागली.

उर्वशी मेळघाटात वनरक्षक होती. चिखलदऱ्याच्या बाजूला, गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात तिची नेमणूक होती. नोकरी लागून तिसरं वर्ष सरत आलं होतं. बाप उकंडा दोनदा जाऊन आला होता, भाऊ धम्मदीप बायकोला घेऊन फिरून आला होता. पंचफुला गेली नव्हती. कधी कापूस वेचायचा असे, कधी निंदण निघे, कधी कोणाच्या घरचं लग्न. घरात सगळ्यांना कळत होतं की कारण हे नाही. पण कोणी तोंड उघडत नव्हतं.

उर्वशीच्या वनरक्षक भरतीचा निकाल आला त्या दिवशी उकंडानं बसस्टँडजवळच्या आपल्या सायकलीच्या दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला होता. पंचफुला मात्र चुलीपुढून उठली नव्हती. "एवढ्या नोकऱ्या हायेत जगात," ती एवढंच म्हणाली होती, "तुले हेच खाकी कपडे भेटले?"

उर्वशीनं मनाशी समजूत करून घेतली, की आई वाघाला भिते. त्यात खोटं काही नव्हतं. मधल्या काळात या भागात वाघाची अशी काही दहशत बसली होती, की बाया घोळक्यानं निंदायला जात आणि बांधावर गडीमाणसं काठ्या घेऊन उभी राहत. शेजारच्या गावचा एक गुराखी गेला तो परत आलाच नाही. ज्या पोरीला पंचफुलानं तेव्हा दिवस मावळला की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं, ती पोरगी आता आपल्या पायानं वाघाच्या घरात राहायला गेली होती. कोणत्या आईला झोप लागेल?

पण आणखीही एक गोष्ट होती. ती पंचफुलानं कोणालाच सांगितली नव्हती.

शेवटी उकंडाच बोलला. तो फार बोलणारा माणूस नव्हे. जेवता जेवता म्हणाला, "जाय वो. पोरगी बलावते तवर जाय."

"अन् तुमच्या भाकरीचं?"

"मले पिठलं येते. मी काय उपाशी मरतो काय?"

आणि सकाळी तिच्या पिशवीत आपली जाड शाल त्यानं स्वतः घडी करून ठेवली. तिकडं थंडी फार आहे म्हणाला.

अमरावतीवरून परतवाडा आणि तिथून घाट. परतवाड्यापर्यंत पंचफुलाला सगळं ओळखीचं वाटत होतं. तशीच वावरं, तशाच पऱ्हाट्या, तशाच बांधावरच्या बाभळी. गाडी घाटाला लागली आणि पहिल्याच वळणावर तिनं डोळे मिटून उर्वशीचं मनगट धरलं. उर्वशीनं हात सोडवला नाही. बऱ्याच वेळानं कानांत दडे बसल्यासारखं झालं म्हणून पंचफुलानं डोळे उघडले, तर खिडकीखाली दरी होती आणि दरीत ढग पडले होते. पिंजलेला कापूस अंगणभर पसरावा तसे.

"उर्वशी, ढग खाली हायेत वो."

"हाव."

"मंग आपण कुठी हाओत?"

समोरच्या सीटवरचा माणूस हसला. पंचफुलाही हसली. मग चिखलदरा येईस्तोवर तिनं डोळे मिटले नाहीत.

पहिल्या दिवशी उर्वशीची सुटी शिल्लक होती, म्हणून तिनं आईला गावात फिरवलं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघे. शहरातून आलेल्या लोकांनी रस्ते भरले होते. कोणी घोड्यावर बसत होतं, कोणी कड्याच्या कठड्याला टेकून फोटो काढत होतं. पंचफुला त्या फोटो काढणाऱ्यांकडेच बघत राही. तलावावर गेल्या, तर तिथं पायानं चालवायच्या होड्या होत्या. उर्वशीनं आईला धरून एकीत बसवलं आणि म्हणाली, "पायंडल मार."

पंचफुलानं पायाखाली पाहिलं. सायकलीचंच पायंडल. तिनं जरा बिचकत पाय दाबला आणि होडी खरोखरच पुढं सरकली. मग मात्र तिनं पदर खोचला. काठावरच्या लोकांनी वळून पाहावं अशा वेगानं होडी तळ्याच्या मध्यावर गेली. उर्वशीचे पाय नुसतेच फिरत होते.

"हळू आई, हळू."

"जलमभर तुह्या बापानं दुनियेच्या सायकली दुरुस्त केल्या," पंचफुला दम खात म्हणाली, "मले एक रोज बसू देल्लं नाही. पडशीन म्हणे. आता इथी पाण्यात सायकल चालवून राह्यली मी. लाव त्याले फोन."

फोन लावला. उकंडानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिरेक हाये काय तिले?"

संध्याकाळी दोघी उर्वशीच्या क्वार्टरवर आल्या. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं एवढंसं अंगण. पंचफुला बसली कुठं? आल्या आल्या तिनं डबे पुसले, भाकरी टाकल्या, दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. टॉवेल, ओढण्या, उशीची खोळ सगळं काढलं. खाकी शर्ट तेवढा दोरीवर राहिला. अंधार पडला, दहिवर पडू लागलं, तरी तो तिथंच लोंबकळत होता. उर्वशीनं तो पाहिला. बाहेर जाऊन आत आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशीची ड्युटी होती. पाहुण्यांना चालत जंगल पाहता यावं म्हणून उद्यानात एक पायवाट आखून दिलेली आहे. लोक यायच्या आधी तिच्यावरून एक फेरी मारायची, पडलेलं झाड वगैरे असेल तर कळवायचं, हे तिचं काम. नाक्यावरच्या वहीत आईचं नाव लिहून तिनं आईलाही बरोबर घेतलं.

वाटेवर दव इतकं होतं की लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटला. सागाची मोठाली पानं खाली पडून कुजत होती, त्यांचा वास पंचफुलाला लहानपणापासून ठाऊक होता. पण इथला साग उंच होता. सालईची गोरी खोडं मध्येच उन्हात चमकत. एका वळणावर रानगव्यांचा कळप वाटेवरच उभा होता. काळे, भुऱ्या पायांचे, बैलाच्या दीडपट. उर्वशीनं आईच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. गव्यांनी माना वर केल्या, जरा पाहिलं आणि शांतपणे उतारावरून खाली गेले.

"मोजे घातल्यावानी पाय हायेत त्याचे," पंचफुला कुजबुजली.

पुढं एका आवळ्याखाली सडा पडला होता. पंचफुला वाकली आणि बघता बघता तिची ओंजळ भरली.

"आई, ठेव ते."

"काहून? खालीच पडेल हायेत."

"खालचेही नाही उचलाचे. हरणं खातात."

पंचफुलानं आवळे खाली ठेवले. थोडं पुढं गेल्यावर एक वाळकी फांदी आपोआप तिच्या हातात आली. तीही टाकावी लागली. मग तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. जंगलात ती आजवर शेकडो वेळा गेली होती. सरपणाला गेली, तेंदूच्या पानांना गेली, मोहफुलांना गेली. हात रिकामे घेऊन जंगलातून चालायची तिला सवयच नव्हती. तिनं हात पाठीमागं बांधले, मग सोडले, मग पदरात गुंडाळले. उर्वशीनं ते पाहिलं आणि सरळ आपला एक हात पुढं केला. लहानपणी बाजारात जाताना धरायच्या तसा तो हात धरून दोघी चालू लागल्या.

नाल्याच्या उतारावर तीन बाया भेटल्या. डोक्यावर सरपणाच्या मोळ्या. कोरकू बाया, जवळच्याच गावच्या. खाकी कपडे दिसताच त्या जागीच थांबल्या आणि एकीमागून एक मोळ्या खाली टाकल्या. त्यांच्यातल्या सर्वांत तरुण बाईनं कमरेचा विळा काढून कोणी न मागताच पुढं धरला.

पंचफुलानं उर्वशीचा हात सोडला. ती दोन पावलं मागं सरकली. आपण कोणत्या बाजूला उभं राहावं, हेच तिला क्षणभर समजलं नाही.

उर्वशीनं विळ्याकडं पाहिलं. घेतला नाही.

"मामी," ती वयस्कर बाईला म्हणाली, "इकडून येऊ नका म्हणून सांगतलं होतं ना? नाल्यात अस्वल हाये. पिल्लंवाली हाये ते. मागच्या हप्त्यात तुमच्याच गावच्या पोराचा पाय फाडला, माहीत हाये न तुमाले?"

म्हातारी कोरकूत काहीतरी बोलली. उर्वशीनं तिला मोडक्यातोडक्या कोरकूत उत्तर दिलं. ते काहीतरी चुकलं असावं, कारण तिघी जणी पदर तोंडाला लावून हसल्या. तरुण बाईचा विळा धरलेला हात खाली आला.

"हसा," उर्वशीही हसून म्हणाली, "पण उद्या इकडं दिसल्या तर मले लिहून घ्यावं लागीन. मी सोडणार नाही. खालच्या बाजूनं वाळलेलं पडलं हाये, तिथं मनाई नाही, तिथून न्या. आजचं घेऊन जा."

तरुण दोघींनी एकमेकींच्या मोळ्या उचलायला हात लावला. म्हातारीची मोळी मोठी होती. भारा डोक्यावर घ्यायचा तर समोरून कोणीतरी उचलून द्यावा लागतो. पंचफुला विचार न करता पुढं झाली, आणि तिनं एका बाजूला हात घातला तेव्हा दुसऱ्या बाजूला उर्वशीचे हात आधीच होते. दोघींनी मिळून भारा उचलून म्हातारीच्या चुंबळीवर ठेवला. म्हातारीनं मान जरा हलवून तोल सावरला आणि तिघी उतारावरून निघून गेल्या.

पंचफुला तिथंच एका दगडावर बसली.

"थकली काय आई?"

"नाही."

उर्वशीनं पाण्याची बाटली दिली. पंचफुला पाणी प्यायली आणि मग, इतकी वर्षं जे बोलली नव्हती, ते खाली पानांकडं बघत बोलू लागली.

"तवा तू चारपाच महिन्यांची होती. आमी बाया सरपणाले गेलतो. सागाच्या रिठातल्या रानात. जंगलाचा गारड आला. बाकीच्या पळाल्या. माह्या डोक्यावर भारा होता, मी नाही पळू शकली. त्यानं भारा टाकाले लावला, विळा घेतला. म्हणे, साहेबाची जीप येते, तवर बस इथी. उन्हात बसवलं मले. ते जीप काही आलीच नाही."

"मंग?"

"मंग काय? बसली. दिवसभर बसली. अंगावर दूध उतरे. चोळी भिजली, लुगडं भिजलं. तू घरी भुकी. त्याले कसं सांगाचं? पुरुष माणूस तो. बिडी पेत पाठ करून बसलता. दिवस बुडाले आला तवा म्हणे, जाय. कशी पळाली मी, माह्या मले मालूम नाही."

वरच्या फांदीवर वानरं उड्या मारत गेली. उर्वशीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मी लय रडली असन," ती हळूच म्हणाली.

"तू? तू मजेत झोपली होती. मी दारात आली अन् पाह्यते तं तू पोट भरून झोपून. तांड्यातली लालीबाई मजुरीले येत जाय न आपल्या गावात, तिनं तुहं रडनं आयकलं. तिचा शाम बी तेवढाच होता. तिनं पाजलं तुले. दोनदा पाजलं."

उर्वशी आईच्या पायाशी खाली बसली. खाकी पँटला माती लागली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"आई, हे तू मले कधी सांगतलं नाही."

"काय सांगाचं? तू पास झालती. तुहा बाप पेढे वाटून राह्यलता. त्यात मी हे कुठी सांगू?" पंचफुलानं पदरानं आपले नाही, लेकीचे डोळे पुसले. "मले वाटे, तुह्या हातूनही कोणाच्या मायले असं होईन. तू काय वाईट नाहीस. पण ते कपडेच तसे, मले वाटे."

"आता काय वाटते?"

पंचफुलानं खरंच विचार केला. लेकीला बरं वाटावं म्हणून बोलणारी बाई ती नव्हे.

"भेव वाटते," ती म्हणाली. "अस्वलाचं वाटते, वाघाचं वाटते. तू त्या बायाईले लिहून घेशीन, ते बी मले माहीत हाये. तुहं काम हाये ते. पण ते बोज्याले हात लावला न तू... लावत जाय."

उर्वशीनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. पाहुण्यांचा पहिला घोळका खालून येताना ऐकू आला, तेव्हा दोघी उठल्या.

दुपारनंतर उर्वशीनं आईला जिप्सीतून वैराटवर नेलं. मेळघाटातली उंच जागा. वर पोचल्या तेव्हा वारा असा होता की पदर अंगाला ठरेना. चहूकडं डोंगरच डोंगर, एकामागं एक, जवळचे हिरवे, मागचे निळे, आणि त्यामागचे तर डोंगर आहेत की आभाळ, हे सांगता येऊ नये असे. माणसाचं एक घर दिसत नव्हतं. बाकीचे लोक फोटो काढून गाड्यांकडं परतले, तरी पंचफुला उकंडाची शाल कानावरून घेऊन उभीच होती. सूर्य खाली गेला, निळे डोंगर काळे झाले. जिप्सीवाल्यानं हॉर्न वाजवला.

"आई, चाल. गेट बंद होते."

"थांब वो," पंचफुला म्हणाली. "मी पाहून राह्यली."

चार दिवसांचे आठ दिवस झाले. उकंडाचा फोन यायचा, "कवा येतं?" आणि पंचफुला म्हणायची, "येतो न. पिठलं येते म्हणे न तुमाले?" शेवटी तूर काढायला आली तेव्हा ती परतली. गावात आठवडाभर तिचं दुसरं बोलणं नव्हतं. ढगाच्या वर गेली होती, पाण्यात सायकल चालवली, मोजे घातलेले रेडे पाहिले. काही बायांनी खरं मानलं, काहींनी नाही.

होळीला उर्वशी आली ती नेहमीसारखी घरात बसली नाही. आईला घेऊन बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेली. लालीबाईच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता. ती बाजेवर उन्हाला बसली होती.

"ई कुण छ?" तिनं विचारलं.

"उर्वशी हाये, लालीबाई," पंचफुला म्हणाली. "तू जिले पाजलं होतं ते."

लालीबाईनं हात पुढं करून उर्वशीचं तोंड चाचपलं. गाल, कपाळ, कानातले खडे. "मार छोरी, माही पोरगी," ती म्हणाली. मग उर्वशी काही बोलणार, हे तिला कळलं असावं. तिनं आधीच हात झटकला. "त्यात काय सांगाचं बाई? पोट्टी रडत होती, शाम झोपला होता. माह्याजवळ दूध होतं." आणि आवाज चढवून म्हणाली, "तुही माय साऱ्या दुनियेले डोंगराचं सांगत फिरते. मले कवा नेतं ते सांग."

उन्हाळ्यात शामनं तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, आणि पुढच्या डिसेंबरात दोघी जणी परतवाड्याहून घाटाच्या गाडीत बसल्या. पंचफुला खिडकीशी बसली होती. घाट लागला तशी ती उठली, लालीबाईला सरकवून खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिचं मनगट धरून म्हणाली, "डोळे नोको मिटू. आता ते ढग येतात."